मजकुरातली गावांची नावं सॉफ्टवेअरनं टॅग करायची आहेत : 'कळवा' गाव की 'कळवा' निरोप?

खाडीकाठ · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. थेट कामाचं विचारते.

आम्ही चौघी मैत्रिणी गेली काही वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करतोय. दिघा, ऐरोली, गोठिवली, तळवली, घणसोली, बोनकोडे, पावणे, तुर्भे, शिरवणे, सारसोळे, करावे असं फिरत फिरत आता पनवेल-उरणपर्यंत पोचलो आहोत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या प्रकल्पात आली. त्याआधीचं ज्यांना स्वच्छ आठवतं ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. ऐकून टाइप केलेली साडेतीनशेच्या आसपास पानं जमली आहेत.

आता या पानांतलं प्रत्येक ठिकाणाचं नाव टॅग करून नकाशाला जोडायचं आहे. कुणी 'गोठिवली'वर बोट ठेवलं की त्या गावाबद्दल कोण काय बोललं ते सगळे परिच्छेद समोर यावेत, एवढीच इच्छा. आधी मी रंगीत पेन्सिली घेऊन हातानं खुणा करायला बसले. तीस पानांत डोळे दुखायला लागले. भाच्यानं एक मोफत सॉफ्टवेअर लावून दिलं. त्यानं 'घरी पोचलात की कळवा' मधल्या कळव्याला गाव ठरवलं, 'कोपरखैरण्यात' हा शब्द चक्क सोडून दिला, आणि आमचं बेलापूर नेऊन ठेवलं श्रीरामपूरजवळ.

दोन प्रश्न आहेत. मराठीसाठी नक्की काय वापरावं? आणि ठिकाणाचं नाव म्हणजे काय काय धरायचं? माणसं गावापेक्षा शेताचं, बांधाचं, उघाडीचं (म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार) नाव जास्त घेतात.

घोडबंदरवाला · शनिवार, रात्री ९.५२

'दिवा सोडला की कळवा, म्हणजे मी कळव्याला उतरून थांबतो.' हे माझे बाबा रोज फोनवर म्हणायचे. तुमच्या सॉफ्टवेअरला हे वाक्य द्या आणि काय उत्तर येतं ते इथे सांगा.

यंत्रपाठ · शनिवार, रात्री १०.१५

ताई, हे काम दोन पायऱ्यांचं आहे. आधी त्या वेगवेगळ्या करा, म्हणजे कुठे बिघडतंय ते दिसेल.

पहिली पायरी ओळखण्याची : हा शब्द ठिकाणाचं नाव आहे की नाही. दुसरी ठरवण्याची : ते ठिकाण आहे, पण कोणतं. कळवा पहिल्या पायरीवर चुकला, बेलापूर दुसऱ्या. दोन्हींचे उपाय वेगळे.

बरीचशी तयार सॉफ्टवेअरं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात. इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, हा त्यांना फार मोठा आधार. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाहीच. दिवा स्टेशनातला 'दिवा' आणि देवापुढचा 'दिवा' कागदावर अगदी सारखे दिसतात.

मराठीसाठी मी दोन गोष्टी सुचवेन. पुण्याच्या एल३क्यूब गटाचा महानेर हा संच आहे. त्यात २५,००० मराठी वाक्यं माणसांनी हातानं टॅग केलेली आहेत, आणि त्यावर शिकवलेली मॉडेलं, म्हणजे ती वाक्यं बघून नावं ओळखायला शिकलेले प्रोग्राम, मोफत मिळतात. दुसरं म्हणजे एआय४भारत या संशोधन गटाचं इंडिकनेर, ते मराठीसकट ११ भारतीय भाषांवर चालतं. दोन्ही स्वतःच्या संगणकावर चालवता येतात.

पण महानेरची वाक्यं बातम्यांतली आहेत. बातमीत 'ठाणे येथे', 'नवी मुंबई परिसरात' असं येतं. तुमच्या आजी 'आधी ठाणं, मग कळवा, मग चालत' असं बोलतात. बातमीची भाषा शिकलेलं मॉडेल त्यांच्यापुढे अडखळणारच.

तुर्भे_नाका · शनिवार, रात्री १०.२१

घोडबंदरवाला यांना जोड : 'पावणे नऊला पावणे सोडलं.' एमआयडीसीत कामाला असलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य खरंच बोललं जातं.

घोडबंदरवाला · शनिवार, रात्री १०.२४

शीळफाट्याच्या आत पडले नावाचं गाव आहे. 'पडले ओलांडताना दोघं पडले.' शेजारीच देसाई गाव, म्हणजे आडनावाशीही गाठ.

शब्दशोध · शनिवार, रात्री ११.०५

ही वाक्यं वाचून हसू आलं, पण यांच्यातच उत्तरही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मराठी शिकवायचो.

मराठीत नावाला विभक्ती लागली की नावाचं रूप बदलतं. सॉफ्टवेअर नेमकं तिथे चुकतं. यादीत 'कोपरखैरणे' आहे, मजकुरात 'कोपरखैरण्यात' आहे, म्हणून सापडत नाही. ठाणे-ठाण्याला, तुर्भे-तुर्भ्याहून, मुंब्रा-मुंब्र्यात, बेलापूर-बेलापुरात. शेवटच्यात तर पू चा पु होतो. शिवाय बोलण्यात ठाणं, तुर्भं, पावणं ही रूपं येतात, तीही यादीत हवीत.

पण हीच विभक्ती उपयोगाचीही आहे. 'कळवा' हे क्रियापद असेल तर त्याला प्रत्यय लागूच शकत नाही. म्हणजे कळव्यात, कळव्याला, कळव्याहून दिसलं की ते गावच, डोळे मिटून टॅग करा. नुसतं 'कळवा' वाक्याच्या शेवटी आलं तर बहुतेक वेळा क्रियापद. घोडबंदरवाला यांच्या बाबांच्या वाक्यात पहिला कळवा शेवटी आणि दुसरा 'कळव्याला'. दोन्ही नियमांत बसतात!

कल्याणचं तर अजून सुंदर आहे. गाव असेल तर आपण 'कल्याणला', 'कल्याणचा', 'कल्याणहून' म्हणतो, मधे आ येत नाही. मंगल या अर्थाचं असेल तर 'कल्याणाला', 'कल्याणाचा', 'कल्याणासाठी'. कल्याणचा सुभेदार आणि कल्याणाचा मार्ग. कोणी शिकवलेलं नसतं, तरी कुणी चुकत नाही. हा एक नियम लिहिलात तरी मोठा गोंधळ मिटेल.

पावणेच्या पुढच्या शब्दात आकडा असेल तर वेळ, नसेल तर गाव.

दिव्याला मात्र हे औषध लागू पडत नाही. 'दिव्यात तेल घातलं' आणि 'दिव्यात उतरलो', दोन्हीकडे रूप एकच. तिथे शेजारचे शब्द बघावे लागतील. 'पोलीस ठाण्यात'चंही तसंच, आधीचा शब्द पोलीस असेल तर सोडून द्यायचं.

नकाशावेडा · रविवार, सकाळी ७.३०

शब्दशोध सर, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय. कल्याणचा नियम आयुष्यभर पाळत आलो आणि आज कळला.

मी दुसऱ्या पायरीबद्दल लिहितो. ऐरोलीत राहतो, ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या मोफत नकाशावर आमच्या भागाची भर घालत असतो.

नाव कोणत्या ठिकाणाचं हे ठरवायला सॉफ्टवेअर एखाद्या नामसूचीत, म्हणजे ठिकाणांची नावं आणि जागा दिलेल्या यादीत, बघतं. जिओनेम्स ही जगातली मोठी मोफत सूची, बरीच सॉफ्टवेअरं तीच वापरतात. पण आपल्या पट्ट्यात एकाच नावाची ठिकाणं किती आहेत बघा. दहिसर एक बोरिवलीपुढचं, एक शीळफाट्याकडचं. कोपरी ठाणे पूर्वेला आणि कोपरी वाशीजवळही. मानपाडा घोडबंदर रोडला आणि डोंबिवलीलाही. वाशी धाराशिव जिल्ह्यात तालुक्याचं ठिकाण आहे. जुहूगाव वाशीत आहे, पण 'जुहू' म्हटलं की सूची समुद्रकिनाऱ्यावर जाते. तुर्भे तर ट्रॉम्बेचंही मराठी नाव, अणुसंशोधन केंद्राच्या जुन्या मराठी मजकुरात 'तुर्भे'च असतं. ताईंच्या बेलापुराबद्दल म्हणाल तर श्रीरामपूर तालुक्यात बेलापूर आहेच, वर श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाचं नावही बेलापूर. सॉफ्टवेअरनं तिथे जाणं समजण्यासारखं आहे.

उपाय साधा आहे. त्याच परिच्छेदातली बाकीची नावं बघायला लावा. बेलापूरच्या आसपास शिरवणे, दिवाळे, आग्रोळी अशी नावं असतील तर ते आपलं. आणि मुळात जगाची सूची देऊच नका. ठाणे, रायगड, पालघर आणि मुंबई एवढ्याचीच सूची द्या. जनगणनेच्या गावयादीत प्रत्येक गावाला क्रमांक असतो, तो वापरलात तर दोन चिंचपाडे कधीच एकमेकांत मिसळणार नाहीत.

आणखी दोन गोष्टी. लांब नाव आधी शोधा, नाहीतर 'कोपरखैरणे'मधून 'कोपर' आणि 'खैरणे' अशी दोन गावं निघतील. आणि 'साधारण जुळणारं' नाव शोधण्याची सोय बंद ठेवा. ती चालू असली की नेरूळचं नेरळ होतं आणि नकाशावरचा माणूस माथेरानच्या पायथ्याशी जाऊन उभा राहतो.

मीठबंदर · रविवार, सकाळी १०.१०

मी गावठाणातला आहे. सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच बोललं नाही.

तुम्ही प्रत्ययांची यादी करताय ती पुस्तकी मराठीची. आमची म्हातारी माणसं आगरी बोलतात. तिथे 'गावात' नाही, 'गावान'. 'बाजारान', 'घरान'. ण चा न, ळ चा ल. म्हणजे घणसोलीत हे 'घनसोलीन' होतं, कळव्यात हे 'कलव्यान'. तुमच्या यादीत 'न' नसेल तर आमच्या आजीनं घेतलेलं एकही नाव सापडणार नाही.

खाडीकाठ ताई, टाइप करताना तुम्ही बोली तशीच ठेवलीत की सुधारून घेतलीत? सुधारली असेल तर मला वाईट वाटेल, सरळ सांगतो.

खाडीकाठ · रविवार, सकाळी ११.००

तशीच ठेवली आहे, दादा. पहिल्याच दिवशी आमचं ठरलं होतं की एक अक्षर सुधारायचं नाही. 'न' चा मुद्दा मात्र आमच्या डोक्यातच आला नव्हता. तुम्ही बोलल्यावर आत्ता दहा पानं चाळली. सॉफ्टवेअरनं सोडलेली बहुतेक नावं अशीच आहेत.

मीठबंदर · रविवार, सकाळी ११.२०

मग लागेल ती मदत करतो.

नवीनच · रविवार, दुपारी १.४५

एवढा खटाटोप कशाला? हल्लीच्या एखाद्या चॅटबॉटला पानं द्या आणि 'ठिकाणं टॅग कर' म्हणा. पाच मिनिटांत होईल.

यंत्रपाठ · रविवार, दुपारी २.३०

@नवीनच, मी रोज याच क्षेत्रात काम करतो, तेव्हा तुमचा मुद्दा हलका मानत नाही. संदर्भ ओळखण्यात ही मोठी मॉडेलं खरंच चांगली आहेत. दिव्यात तेल आणि दिव्यात उतरलो यांतला फरक त्यांना बहुतेक वेळा कळतो.

पण तीन धोके मी स्वतः अनुभवलेत. मजकूर परत लिहून देताना ती बोली गुपचूप सुधारतात. 'घनसोलीन'चं 'घणसोलीत' होतं आणि तुमच्या लक्षातही येत नाही. दुसरं, अक्षांश-रेखांश विचारले तर ठामपणे आकडे देतात आणि त्यातले काही सरळ चुकीचे असतात. तिसरं, लांब मजकुरातली मधली नावं गळतात.

वापरायचंच असेल तर पूर्ण मजकूर परत मागू नका. फक्त नावांची यादी मागा, मजकुरात जसं आहे अगदी तसंच अक्षर, आणि कितव्या वाक्यात. मग छोट्या प्रोग्रामनं तपासा की ते अक्षर मूळ पानात खरंच आहे का. नसेल तर ती नोंद टाकून द्या. अक्षांश-रेखांश फक्त सूचीतून घ्या.

मीठबंदर · रविवार, दुपारी ३.०५

आणि हे कागद कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार? त्यात लोकांच्या जमिनींबद्दल लिहिलेलं आहे. कुणाची मिठागरं कुठे, कुणाचा बांध कुणी फोडला, जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळालेल्या साडेबारा टक्के भूखंडांत कुणाला काय मिळालं. सांगणाऱ्यानं ते ताईंवर विश्वास ठेवून सांगितलंय. सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालवा. आणि नकाशा सगळ्यांना खुला करण्याआधी प्रत्येक घरी जाऊन विचारा.

नकाशावेडा · रविवार, दुपारी ३.४०

पूर्ण पटलं नाही. गावाचं नाव, नाक्याचं नाव, बंदराचं नाव हे सगळ्यांचं असतं. तेही घरोघरी विचारून ठेवायचं म्हटलं तर नकाशा कधीच होणार नाही. सर्व्हे नंबर आणि माणसाचं नाव एकत्र येतं तिथेच धोका आहे. ते दोन वेगळे टॅग करा आणि लोकांना दिसणाऱ्या नकाशात फक्त ठिकाण ठेवा.

मीठबंदर · रविवार, संध्याकाळी ६.१५

शेताचं नाव हे पण माणसाचंच नाव असतं कधी कधी. 'धर्म्याची खाच' म्हटलं की आमच्या गावात सगळ्यांना कळतं कुणाची. गावांची नावं खुली ठेवायला माझी हरकत नाही. शेतांची विचारूनच.

नकाशावेडा · रविवार, संध्याकाळी ६.३०

हे मान्य. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जुने_कागद · रविवार, रात्री ८.५०

मी मोडी वाचतो, जुन्या दस्तांत रमतो. थोडं अवांतर, पण कामाचं.

तुमच्या साडेतीनशे पानांनंतर कुणीतरी म्हणेल की आता जुनी पुस्तकंही यात घ्या. तेव्हा नावांच्या जुन्या रूपांचा प्रश्न येईल. ठाण्याचंच बघा. शिलाहारांच्या लेखांत श्रीस्थानक. मार्को पोलोच्या वृत्तांतात ताना. इंग्रजांच्या कागदांत टाना, टान्ना, थाना. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून पहिली आगगाडी आली ती 'टान्ना'ला. वसईला बसीन म्हणत, पण ब्रह्मदेशातही एक बसीन आहे. १८०२ चा बसीनचा तह जर सॉफ्टवेअरनं ब्रह्मदेशात नेला तर बाजीराव तिकडे जातील. साष्टी आपल्याकडे, सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, आणि गोव्यात मडगावचा तालुकाही साष्टीच. उरणच्या बेटाला इंग्रज करंजा म्हणत.

म्हणून सूचीत एका ठिकाणाला एकच नाव ठेवू नका. एक क्रमांक आणि त्याखाली सगळी नावं, कोणतं नाव कोणत्या काळातलं ते लिहून.

जिल्ह्यांनाही तारीख लागते. कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरात पनवेल आणि उरण ठाणे जिल्ह्यात आहेत. पुढे ते कुलाब्यात, १९८१ पासून कुलाब्याचं रायगड. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. 'जिल्हा ठाणे' असं लिहिलेलं डहाणू दिसलं तर ते चुकलेलं नाही, ते फक्त जुनं आहे.

तुर्भे_नाका · रविवार, रात्री ९.१०

माझ्याकडे गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची ९० च्या दशकातली स्मरणिका संगणकात आहे. उघडली की सगळी विचित्र चिन्हं दिसतात. ती देता येईल का यात?

यंत्रपाठ · रविवार, रात्री ९.२५

ती युनिकोडपूर्व फॉन्टमधली आहे (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत), बहुधा श्रीलिपी किंवा तसलाच फॉन्ट. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल, फॉन्टनुसार परिवर्तक मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. विशेषतः ऱ्ह, ऱ्य. वाडा तालुक्यातलं गोऱ्हे दोन वेगळ्या पद्धतींनी साठवलेलं असू शकतं. दिसायला एकसारखं, संगणकाला दोन निराळे शब्द. टॅग करण्यापूर्वी सगळा मजकूर एकाच पद्धतीत आणायचा.

छापील प्रत असेल तर स्कॅन करून टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं वाचता येईल, त्यात मराठी आहे. पण तिथे घ आणि ध ची अदलाबदल होते. घणसोलीची धणसोली झाली की सूचीत सापडणार नाही.

कोल्हीची_लेक · सोमवार, रात्री १२.१०

दोन दिवस धागा वाचतेय. लिहू की नको असं झालं होतं.

माझं माहेर कोल्ही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यातलं एक. कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली, गणेशपुरी अशी ती गावं. उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली. आमची घरं पाडली तेव्हा मी सासरी होते. आई आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहते. पत्ता सांगताना सेक्टर आणि प्लॉट नंबर सांगते, आणि पुढे 'कोल्ही' जोडतेच.

माझा प्रश्न असा. तुमच्या नकाशावर कोल्हीचं टिंब कुठे ठेवणार? जिथे होती तिथे आता धावपट्टी आणि भराव आहे. की जिथे लोक आहेत तिथे? नकाशावेडा यांच्या सूचीत कोल्ही असेल का तरी?

नकाशावेडा · सोमवार, सकाळी ८.००

ताई, तुमचा प्रतिसाद सकाळी ट्रेनमध्ये वाचला.

खरं सांगायचं तर ओपनस्ट्रीटमॅपचा नियम असा आहे की जे आज जमिनीवर आहे तेच नकाशात ठेवायचं. गाव उठलं की ते काढलं जातं. पण त्याचंच एक भावंड आहे, ओपनहिस्टॉरिकलमॅप. तिथे प्रत्येक गोष्टीला सुरुवातीची आणि शेवटाची तारीख देता येते. कोल्हीची जुनी हद्द तिथे कायमची राहू शकते. जनगणनेच्या जुन्या गावयादीत तिचा क्रमांक सापडला, तर ओळख कागदावरही शाबूत राहील.

आणि माझं मत असं की टिंबं दोन ठेवावीत, एकमेकांना जोडलेली. जुनी कोल्ही जिथे होती तिथे, शेवटाच्या वर्षासह. नवी वस्ती जिथे आहे तिथे, सुरुवातीच्या वर्षासह. आठवणीतलं 'कोल्हीत विहिरीचं पाणी गोड होतं' हे वाक्य पहिल्याला जोडलं जाईल, 'कोल्हीकर आता गाडीनं येतात' हे दुसऱ्याला.

जुने_कागद · सोमवार, सकाळी ९.१५

वर मी नावांना तारीख हवी म्हटलं ते श्रीस्थानकाच्या संदर्भात. तीच गरज इतक्या जवळच्या काळात लागेल असं वाटलं नव्हतं. उठलेल्या गावांच्या नावांतही दुहेरीपण आहे बघा. गणेशपुरी म्हटलं की सूची वज्रेश्वरीला जाणार. कोपर म्हटलं की डोंबिवलीच्या स्टेशनावर. पुनर्वसनाच्या भागातलं पनवेलजवळचं दापोली म्हटलं की थेट रत्नागिरीत. ज्या गावाचं टिंबच सूचीत नाही, त्याच्या नावावर दुसरं गाव हक्क सांगतं. सॉफ्टवेअर 'सापडलं नाही' म्हणालं तर निदान आपण शोधतो. ते चुकीचं गाव आत्मविश्वासानं दाखवतं तेव्हा उठलेलं गाव दुसऱ्यांदा उठतं.

शब्दशोध · सोमवार, दुपारी १२.३०

जुने_कागद, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

घोडबंदरवाला · सोमवार, दुपारी १.००

आमच्या ओवळ्याचंही तसंच. ओवळा घोडबंदर रोडला, आणि विमानतळाच्या गावांत वरचे ओवळे. आजवर माहीतच नव्हतं.

यंत्रपाठ · सोमवार, रात्री १०.४०

मूळ प्रश्नाकडे परत येतो. खाडीकाठ ताई, मी करेन ते असं.

आधी तुमची हातानं टॅग केलेली तीस पानं बाजूला ठेवा, ती सोनं आहेत. ती सॉफ्टवेअरला दाखवायची नाहीत, त्यांच्यावर परीक्षा घ्यायची. दोनच गोष्टी मोजा : असलेल्या नावांपैकी किती सापडली, आणि सापडली म्हटलेल्यांपैकी किती बरोबर. नुसतं 'किती सापडली' बघितलं तर प्रत्येक शब्दाला गाव म्हणणारं सॉफ्टवेअरही पहिलं येईल.

मग मीठबंदर आणि तुम्ही बसून गावांची, पाड्यांची, बंदरांची यादी करा. शब्दशोध सरांचे नियम आणि आगरी प्रत्यय मी प्रोग्राममध्ये घालून देतो, पायथन या संगणकाच्या भाषेतली शे-दीडशे ओळींची गोष्ट आहे. यादीनं सापडेल ते पक्कं. त्यानंतर महानेरवरचं मॉडेल चालवू, आणि यादीत नसलेलं काही त्याला नाव वाटलं तर ते फक्त सुचवेल, ठरवणार माणूस. आडनावांची वेगळी यादी ठेवू, नाहीतर नेरुळकर आणि पनवेलकर सगळे गावं होतील.

हे विनामूल्य करेन. माझी आजीही याच पट्ट्यातली.

खाडीकाठ · तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ५.३०

मंडळी, धागा वर आणतेय, कारण सांगण्यासारखं झालं आहे.

यंत्रपाठ दादांनी प्रोग्राम लिहून दिला. मीठबंदर दादा सलग तीन रविवार आमच्याकडे चेंदणीला आले, सोबत त्यांचे मोठे काका. आम्ही यादी करायला बसलो आणि पहिल्याच दिवशी कळलं की आमच्याकडे गावांची नावं होती, गावातली नव्हती. काकांनी एका गावाची चौदा नावं सांगितली : खाजणांची (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींची), उघाड्यांची, होड्या लागायच्या त्या धक्क्यांची. यातलं एकही कुठल्याच सूचीत नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. माणूस ज्याला 'तिथे' म्हणून हात दाखवू शकतो, ते ठिकाण. आम्ही शेतांची नावं टॅग करतोय, पण लोकांना दिसणाऱ्या नकाशात घरच्यांना विचारल्याशिवाय घालणार नाही.

परीक्षा घेतली. भाच्यानं लावलेल्या पहिल्या सॉफ्टवेअरला तीस पानांतली निम्मीही नावं सापडली नव्हती. यादी आणि प्रत्यय घातल्यावर दहातली नऊ सापडतात. आगरी 'न' घातल्यावर एकदम उडी पडली, त्याबद्दल मीठबंदर दादांचे आभार मानावे तितके थोडे. कळवा आणि कल्याण पूर्ण सुटले. दिवा अजून हातानंच बघतोय.

मॉडेलनं सुचवलेल्यांत बरीच माणसांची नावं निघाली. पण 'आडबंदर' असा एक शब्द त्यानं ठिकाण म्हणून दाखवला, आम्ही तो साधा शब्द समजून सोडला होता. काकांना विचारलं तर म्हणाले, भरतीला मोठ्या होड्या लागायच्या ती जागा. तिथे आता रस्ता आहे.

काम संपलेलं नाही, अजून दोनशे पानं तपासायची आहेत. ठाणे किंवा नवी मुंबईतलं कुणी रविवारी दोन तास देऊ शकत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. संगणक येत नसला तरी चालेल, गाव माहीत हवं.

कोल्हीची_लेक, तुमची कोल्ही घातली आहे. दोन टिंबं, मधे रेघ. शेवटाचं वर्ष मी रिकामं ठेवलंय, ते तुमच्या आईंना विचारून सांगा. त्या म्हणतील तेच लिहीन.

मीठबंदर · रविवार, संध्याकाळी ६.०५

काका विचारतायत पुढच्या रविवारी कधी यायचं.

कोल्हीची_लेक · रविवार, रात्री ९.२०

आईला विचारलं. वर्ष सांगायच्या आधी तिनं विचारलं, शाळेमागचं तळं घातलंय का? ते घाला, मग वर्ष सांगते म्हणाली. पिंपळाचा पारही घाला. पाराच्या पूर्वेला आमचं घर होतं.